चाबूक, पिस्तूल आणि आमचा दांडा

तालुक्याच्या कचेरीत वीसेक वर्षे कारकुनी केली की माणसाला एक सवय जडते. समोरच्याने प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर तयार असते. "अर्ज त्या खिडकीवर", "आधी चलन भरून या", "साहेब मीटिंगला गेलेत". डोके वापरावे लागत नाही. अशाच सवयीने एकदा पावसाळ्याच्या तोंडावर मी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला एक उत्तर देऊन टाकले. ते चुकीचे होते, निदान अर्धे तरी. त्या चुकीमुळे मला बरेच वाचावे लागले आणि त्या वाचनातून हा लेख झाला.

काका सत्तरीतले, आणि वयानेही सत्तरी ओलांडलेले. आमच्या त्या भागात काजूच्या आणि कुळागरांच्या जुन्या घरांत एखादी बंदूक असते. रानडुकरे, खेती, आता गवेसुद्धा. पीक राखायचे तर बंदुकीचा निदान आवाज तरी लागतो. निवडणूक जाहीर झाली की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात आणि निकाल लागला की परत घरी जातात. काका परवान्याच्या नूतनीकरणासाठी आले होते. काम झाले, कागद पिशवीत गेले, पण काका उठेनात. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "बाब, एक विचारूं? कोण दांडो घेवन आंगार आयलो जाल्यार हांवें बंदूक मारल्यार चलता?"

मी हसलो. म्हटले, "काका, दांड्याक दांडो, बंदुकेक बंदूक. दांड्यार बंदूक मारली जाल्यार खुनाची केस." काकांनी मान डोलावली आणि गेले.

पुढे त्यांच्याच गावच्या एका शिपायाकडून कळले की काकांचा आणि त्यांच्या पुतण्याचा बागायतीच्या मेरेवरून वाद चालू आहे, आणि पुतण्या दोनदा दांडा घेऊन अंगणात येऊन गेला आहे. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. माणूस गंमत म्हणून विचारत नव्हता. मी मात्र म्हण फेकावी तसे उत्तर फेकले होते. दांड्याला दांडा हे खरेच कायद्यात आहे का? मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, कायदा नव्हे. एका वकील मित्राकडून पुस्तके आणली आणि वाचत बसलो. तेव्हा हा कायद्याचा सल्ला समजू नये. कायद्याच्या इतिहासातली एक फेरी समजावी.

*

प्रश्न जुनाच आहे. आपल्याकडे त्याला 'आततायी' या शब्दाचे नाव होते. आज आपण उतावळ्या, अविचारी माणसाला आततायी म्हणतो, पण धर्मशास्त्रात हा पारिभाषिक शब्द आहे. वसिष्ठांनी सहा आततायी सांगितले: घराला आग लावणारा, विष घालणारा, हाती शस्त्र घेऊन मारायला धावणारा, धन लुटणारा, जमीन हिरावून घेणारा आणि बायको पळवणारा. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन कौरवांना आततायी म्हणतो तो याच अर्थाने. लाक्षागृह, भीमाला घातलेले विष, द्यूत, राज्य, द्रौपदी, अशी सगळी यादी त्याच्या मनात असणार. आणि यांना मारले तर पापच लागेल असे म्हणून तो धनुष्य खाली ठेवतो.

मनुस्मृतीची भाषा मात्र कडक आहे. मारायला आलेला आततायी गुरू असो, बालक असो, वृद्ध असो वा विद्वान ब्राह्मण असो, विचार करीत न बसता त्याला मारावे असा तिचा सूर. पण बाराव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास कल्याणीला, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला, विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली तेव्हा त्याला हा सूर सरळ पचला नाही. त्याने या वचनांची बरीच चिरफाड केली. हल्ला परतवणे वेगळे आणि ठार मारायचे ठरवून मारणे वेगळे, हा भेद त्याने पुढे आणला. भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या वादाचा सविस्तर परामर्श घेतला आहे. कोकणातल्या या विद्वानाने एका शब्दामागे केवढी पाने खर्च केली आहेत हे पाहून मला माझ्या एका वाक्याच्या उत्तराची लाज वाटली.

एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या सहांच्या यादीत 'जमीन हिरावून घेणारा' आहे. म्हणजे मेर सरकवणारा पुतण्या जुन्या हिशेबाने आततायीत बसवता आला असता. आजच्या कायद्यात तो बसत नाही. नुसत्या जमिनीसाठी कोणाचा जीव घेता येत नाही. हा फरक मोठा आहे, आणि आमच्या खेड्यांत तो बऱ्याच जणांना ठाऊक नाही.

*

आता मेकॉलेकडे येऊ. शिक्षणाच्या संदर्भात आपण त्याला रोज शिव्या देतो, पण भारतीय दंड संहितेचा पहिला मसुदाही त्याच्याच आयोगाने १८३७ साली तयार केला. तो कायदा व्हायला २३ वर्षे लागली. १८५९च्या डिसेंबरात मेकॉले वारला, १८६० साली संहिता मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. स्वसंरक्षणाची कलमे ९६ ते १०६. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तीच कलमे आता ३४ ते ४४ झाली. क्रमांक बदलले, मजकूर बहुतेक जुनाच राहिला.

मसुद्यासोबतच्या टिपणात मेकॉलेने एक मजेशीर कारण दिले आहे. त्याचे म्हणणे साधारण असे, की या देशातले लोक जुलूम निमूटपणे सोसतात, स्वतःचा बचाव करायला पुढे होत नाहीत. तेव्हा स्वसंरक्षणाच्या हक्काला जास्त अटी घालण्यापेक्षा लोकांत थोडी मर्दुमकी जागी करणे बरे. वाचून हसावे की रडावे कळत नाही. कारण त्याच सरकारने पुढे १८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्रांचा कायदा आणला आणि परवान्याशिवाय हत्यार बाळगायची सोय ठेवली नाही. एका हाताने सांगायचे लढा, दुसऱ्या हाताने तलवार काढून घ्यायची. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध ठराव होत ते उगाच नव्हे.

पण माझ्या काकांचा प्रश्न मला सापडला तो एका दाखल्यात. दंड संहितेची एक खुबी अशी की कलमाखाली छोटी छोटी उदाहरणे दिलेली असतात, त्यांत माणसांची नावे अ आणि क्ष अशी. खुनाच्या ३००व्या कलमाला पाच अपवाद होते. त्यातला दुसरा स्वसंरक्षणाच्या मर्यादा ओलांडण्याविषयी, आणि त्याखालचे उदाहरण असे: क्ष हा अ ला घोड्याच्या चाबकाने मारू पाहतो, पण जबर दुखापत होईल अशा रीतीने नव्हे. अ पिस्तूल काढतो. क्ष तरीही थांबत नाही. चाबकाचा मार टाळायला दुसरा मार्गच नाही असे प्रामाणिकपणे वाटून अ गोळी झाडतो आणि क्ष मरतो. अ चा गुन्हा कोणता?

संहितेचे उत्तर: खून नव्हे, पण सदोष मनुष्यवध.

म्हणजे फाशीच्या दोरातून सुटका, पण तुरुंगातून नाही. शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. हे उदाहरण आजच्या न्याय संहितेच्या १०१व्या कलमाखालीही तसेच आहे. घोडे गेले, चाबूक गेले, टांगेवाला शोधूनही सापडणार नाही, पण कायद्याच्या पुस्तकात तो चाबूक दीडशेहून जास्त वर्षे हवेत उगारलेला आहे आणि समोर पिस्तूल तसेच रोखलेले आहे. १८६०च्या हिंदुस्थानात चाबूक कोणाच्या हाती असे आणि पाठ कोणाची असे हे आपल्याला माहीत आहे. मसुदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र बहुधा दोन साहेबच असावेत. नेटिवाजवळ पिस्तूल कुठून येणार?

या उदाहरणातला कळीचा शब्द चाबूकही नाही आणि पिस्तूलही नाही. तो आहे 'जबर दुखापत'. संहितेच्या १००व्या कलमात (आता ३८) समोरच्याचा जीव जाईपर्यंत बचाव कधी करता येतो याची यादी आहे. मरणाची रास्त भीती, जबर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अनैसर्गिक अत्याचार, अपहरण, सुटकेसाठी पोलिसांकडे जाता येणार नाही अशी कोंडून ठेवण्याची भीती. आणि २०१३ साली त्यात ॲसिड हल्ल्याची भर पडली. या यादीत हत्यारांची नावे कुठेही नाहीत. 'बंदुकीला बंदूक' असे कुठे लिहिलेले नाही.

आणि जबर दुखापत म्हणजे काय? मला वाटायचे हातपाय तुटणे, रक्ताचे थारोळे वगैरे. व्याख्या पाहिली तर डोळा किंवा कान जाणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे, आणि हाड किंवा दात मोडणे! होय, दातसुद्धा. शिवाय ज्या जखमेने माणूस काही दिवस तीव्र वेदनेत राहतो किंवा त्याला रोजचे व्यवहार करता येत नाहीत तीही. जुन्या संहितेत ती मुदत २० दिवसांची होती, नव्यात १५ दिवसांची. आता सांगा, दांड्याने दात मोडत नाही? मनगट मोडत नाही? डोक्यात बसला तर? माझे 'दांड्याक दांडो' तिथेच निकालात निघाले.

*

गोमंतकीय वाचक म्हणतील, हे सगळे ब्रिटिश हिंदुस्थानचे. आमच्याकडे तेव्हा पोर्तुगीज होते. बरोबर. आमच्या आजोबांना लागू होता तो १८८६चा पोर्तुगीज दंड संहितेचा कायदा. मुक्तीनंतर पोर्तुगीज नागरी कायदा आपल्याकडे राहिला, त्याची चर्चा देशभर होते, पण पोर्तुगीज फौजदारी कायदा गेला आणि त्याची जागा भारतीय दंड संहितेने घेतली. त्या गेलेल्या कायद्याची आठवण आता कोणी काढत नाही.

त्याच्या ४६व्या कलमात 'लेजितिमा देफेझा', म्हणजे न्याय्य बचावाच्या तीन अटी होत्या आणि तिन्ही एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागत. पहिली, हल्ला बेकायदा हवा, चालू असलेला किंवा अगदी होऊ घातलेला हवा आणि बचाव करणाऱ्याने स्वतः कुरापत काढलेली नसावी. दुसरी, सरकारी बळाची मदत मागणे अशक्य असावे. आणि तिसरी, वापरलेल्या साधनाची विवेकाला पटेल अशी गरज असावी.

तिसरी अट वाचताना मी थांबलो. इंग्रजी वळणाच्या कायद्याने भीतीवर बोट ठेवले: कशाची भीती वाटली आणि ती रास्त होती का? पोर्तुगीज कायद्याने साधनावर बोट ठेवले: जे हाती घेतले त्याची गरज होती का? तरीही पोर्तुगीज कायद्यातसुद्धा साधनाला साधन अशी तुलना नाही. म्हाताऱ्या माणसाकडे बंदुकीखेरीज काहीच नसेल आणि समोर तरणाबांड गडी दांडा घेऊन डोक्यावर येत असेल तर 'गरज' या शब्दात बंदूकही बसू शकते. आणि दार लावून घेता आले असते, तर काठीसुद्धा बसत नाही.

याच राजवटीने १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला आणि इतर सीमांवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालवल्या. वीसहून अधिक माणसे पडली. त्यांच्या हाती चाबूक नव्हता की दांडा नव्हता, झेंडा होता. साधनाची विवेकी गरज मागणारा कायदा प्रजेसाठी होता, सरकारसाठी नव्हता.

*

आता दोन खटले सांगतो. दोन्ही स्वतंत्र भारतातले, दोन्ही सर्वोच्च न्यायालयाचे, आणि दोन्हीत समोर लाठ्या होत्या.

पहिला कटनीचा. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित येऊन स्थायिक झाले होते. ५ मार्च १९५० रोजी गावात सिंधी आणि स्थानिक मुसलमान यांच्यात दंगल पेटली. अमजद खान आणि त्याचा भाऊ यांची दुकाने एकाच इमारतीत लागून लागून. जमावाने भावाची बाजू फोडली, लुटली. घरातल्या बायकामुलांनी जीव वाचवायला अमजद खानच्या बाजूला धाव घेतली. मग जमाव त्याच्या दारावर आला आणि दारावर लाठ्या बसू लागल्या. त्याने बंदूक काढून दोन गोळ्या झाडल्या. एक माणूस मेला, काही जखमी झाले.

खालच्या न्यायालयाने खून ठरवून जन्मठेप दिली. कटनी त्या वेळच्या मध्य प्रदेशात होती आणि त्या प्रांताची राजधानी होती नागपूर, तेव्हा अपील गेले नागपूरच्या उच्च न्यायालयात. तिथेही शिक्षा कायम झाली. कारण? लूट झाली ती भावाच्या दुकानात. याच्या दुकानाचे दार तर बंदच होते, आत कोणी शिरले नव्हते.

सर्वोच्च न्यायालयात निकाल लिहिला न्या. विवियन बोस यांनी. हे स्वतः नागपूरचे, दिल्लीला जाण्याआधी त्याच नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. १९५२च्या त्या निकालाचा मतितार्थ असा: शेजारची भिंत फुटलेली, बायकापोरे अंगाशी बिलगलेली, दारावर लाठ्या पडत आहेत, अशा माणसाने दार मोडून जमाव आत येईपर्यंत थांबावे असे म्हणणे व्यर्थ आहे. तोपर्यंत वेळ निघून गेलेली असते. आणि अशा क्षणी केलेल्या कृतीचे वजन सोन्याच्या तराजूत करायचे नसते. अमजद खान सुटला. दोन न्यायालयांनी खुनी ठरवलेला माणूस दोन वर्षांनी घरी गेला. फाळणीच्या जखमा ओल्या असताना, समोर निर्वासित आणि आरोपी मुसलमान असताना हा निकाल आला, हेही विसरू नये. सोनाराचा काटा वेगळा आणि भाताचा काटा वेगळा. न्या. बोस यांनी कोणता काटा कुठे वापरायचा ते सांगितले.

दुसरा खटला उत्तर प्रदेशातला, देव नारायण विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य, निकाल सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा. विषय आपल्या ओळखीचा: शेताचा ताबा. एक बाजू शेत कसत होती, दुसरी अडवायला आली. मारामारीत देव नारायणच्या डोक्यात लाठी बसली आणि त्याने भाला चालवला. समोरचा मेला. उच्च न्यायालयाने बचावाचा हक्क होता हे मान्य केले, पण समोरच्यांकडे नुसत्या लाठ्या असताना याने भाला वापरला म्हणून मर्यादा ओलांडली असे ठरवले. म्हणजे 'दांड्याक दांडो'! माझ्याच विचारांचे न्यायाधीश भेटले म्हणून क्षणभर मला बरे वाटले.

सर्वोच्च न्यायालयाने ते खोडून काढले. डोक्यासारख्या नाजूक जागी लाठी बसली तर माणूस जागीच मरू शकतो. लाठी हे काही खेळणे नव्हे. लाठी कुठे आणि कशी उगारली जाते आहे ते पाहायचे. शिवाय पहिला घाव बसेपर्यंत वाट पाहायची गरज नाही. धमकीतून किंवा प्रयत्नातून धोक्याची रास्त भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो. देव नारायण निर्दोष सुटला.

हे वाचून कोणी बंदूक साफ करायला घेऊ नये. कारण याच न्यायालयाने उलटेही निकाल दिले आहेत. गुजरातमधल्या योगेंद्र मोरारजी खटल्यात (१९८०) मजुरीच्या देण्यावरून वाद होता, रात्री वाटेत माणसे गाडी अडवू पाहत होती आणि गाडीतल्या माणसाने गोळ्या झाडल्या. न्यायालयाने बचाव मानला नाही. जिवाचा तेवढा धोका दिसत नव्हता, गाडी पुढे नेता आली असती. कायद्याने दिलेला हक्क संकट टाळण्यापुरता आहे, सूड घेण्यासाठी किंवा धडा शिकवण्यासाठी नाही.

आणि हक्क होता हे दाखवायचे कोणी? आरोपीने. सरकारी पक्षाइतका कडक पुरावा त्याच्याकडून मागत नाहीत, शक्यतेचे पारडे त्याच्या बाजूला झुकले तरी पुरते. पण ते पारडे झुकेपर्यंत कोर्टाच्या पायऱ्या, वकिलाची फी, आणि बहुधा कोठडीही आहेच.

*

हल्ली चाबूक उरला नाही, पण त्याची भावंडे आली आहेत. मिरपुडीचा फवारा, विजेचा झटका देणारे टेसर, रबरी गोळ्या. यांना 'कमी घातक' हत्यारे म्हणतात. नाव फसवे आहे. कोणाच्या हाती, कोणावर आणि कोणत्या क्षणी, यावर सगळे अवलंबून असते.

अमेरिकेत अटलांटा शहरात जून २०२० मध्ये झटापटीत एका माणसाने पोलिसाचा टेसर हिसकावला, पळता पळता वळून तो झाडला, आणि दुसऱ्या पोलिसाने त्याच्यावर पिस्तूल चालवले. तो मेला. शहर पेटले. टेसरसमोर पिस्तूल न्याय्य की नाही यावर दोन वर्षे वाद चालला. गंमत अशी की तिथल्या ज्या सरकारी वकिलाने पोलिसावर खुनाचा आरोप ठेवला, त्यानेच काही दिवसांपूर्वी दुसऱ्या प्रकरणात टेसर हे घातक शस्त्र असल्याचे म्हटले होते. बचावाचे म्हणणे असे, की टेसर लागून पोलीस हतबल झाला तर त्याच्या कमरेचे पिस्तूलही जाईल, मग काय? विरुद्ध बाजूचे म्हणणे, पळणाऱ्याला पाठीत कशाला मारायचे? ऑगस्ट २०२२ मध्ये नेमलेल्या विशेष वकिलाने खटला चालवायचा नाही असे ठरवले. कायद्याने प्रश्न मिटला, लोकांच्या मनातला मिटला नसावा.

आपल्या शेजारच्या कर्नाटकात २०२४ साली प्रश्न उलट्या बाजूने आला. दुकानातल्या वादात एकाने मिरपुडीचा फवारा मारला आणि स्वसंरक्षण केले असे म्हणून गुन्हा रद्द करायची मागणी केली. उच्च न्यायालयाने नकार दिला. जिवाला तेवढा धोका दिसत नव्हता, आणि फवाराही सकृद्दर्शनी धोकादायक हत्यारच ठरतो, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. पर्समध्ये मावणारी डबीही शेवटी हत्यारच.

*

एवढे वाचून झाल्यावर मी काकांना निरोप धाडला. ते आले, या वेळी काम नसताना. बाहेरच्या बाकड्यावर बसून मी त्यांना सांगितले. म्हटले, काका, मागच्या वेळी मी चुकीचे बोललो. दांडा की बंदूक हे कायदा आधी विचारत नाही. तुमचा जीव जाईल किंवा हाड मोडेल अशी भीती खरीच होती का, ती त्या क्षणी होती का, आणि दुसरा मार्ग उरला नव्हता का, हे विचारतो. मेर सरकवली एवढ्यावरून बंदूक उचलता येत नाही. काल तो दांडा दाखवून गेला म्हणून आज उचलता येत नाही. आणि सगळ्यात आधी हे: पोलिसांकडे जायला वेळ होता का? तुमच्याकडे तर दोन महिने होते.

काकांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "बाब, तो दांडो उखलून आंगार येता तेन्ना हें सगळें याद जातलें?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. खरे तर सोन्याच्या तराजूची गोष्ट यासाठीच आहे. घाबरलेल्या माणसाला ग्रॅमचा हिशेब जमत नाही हे न्यायाधीशांना ठाऊक आहे. पण न्यायाधीश येतात ते नंतर, दोन वर्षांनी, दहा वर्षांनी. त्या क्षणी अंगणात फक्त काका, पुतण्या, दांडा आणि बंदूक. कायदा तिथे नसतो. म्हणून कायद्याने आधीच्या वेळेवर भर दिला आहे, अजून डोके शाबूत असते त्या वेळेवर. पोर्तुगीजांची दुसरी अट तीच, आपल्या ९९व्या कलमातलीही (आता ३७) एक अट तीच. आपण मात्र कायदा म्हटला की गोळी सुटल्यानंतरचा भाग विचारतो.

काकांना मी दोन अर्ज लिहून दिले. एक पोलीस ठाण्याला, धमकीविषयी. दुसरा जमिनीच्या मोजणीसाठी. पहिला त्यांनी बराच वेळ हातात धरला आणि घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, हा पोर माझ्या मांडीवर वाढला, भावाच्या माघारी. दुसरा अर्ज त्याच दिवशी दिला. मोजणीची तारीख मिळाली, मोजणी झाली, मेरेवर दगड बसले. दगड काकांना वाटत होता तिथे बसला नाही आणि पुतण्याला वाटत होता तिथेही बसला नाही. दोघे अजून बोलत नाहीत असे शिपाई सांगतो. पण दांडा पुन्हा अंगणात आलेला नाही.

काका जाताना एवढेच म्हणाले, की आता बंदूक बाहेरच्या खोलीत असते आणि काडतुसे आतल्या खोलीत, देवघराच्या फडताळात कुलपात. डुकरे आली तर आतून काडतूस आणेपर्यंत निम्मी पळून जातात, जाऊ देत म्हणाले.